बदली

होटगी रोडच्या त्या इमारतीत पूर्वी मंगल कार्यालय होतं.
'वधूपक्ष' ही पाटी दारावर अजून तशीच आहे.
त्या खोलीत माझे वडील, खाट क्रमांक तीन.

मी रोज पावणेसहाला पोचते,
सहा डझन गणवेशांच्या कॉलरी शिवून,
बोटांत अजून मशीनची थरथर.
डब्यात दुधात कुस्करलेली भाकरी
आणि शेंगाचटणीची एक चिमूट, जी त्यांना मना आहे,
जी महानंदाबाई बघूनही बघत नाहीत.

वडील उशीवरून मान उचलतात.
"बदली आली?"

पहिले पंधरा दिवस मी सांगत राहिले,
मी नागमणी, नायना, तुमची धाकटी.
परक्या बाईचं ऐकावं
तसं सभ्यपणे ऐकून घ्यायचे
आणि परत दाराकडे बघायचे.
एकदा मीच थकून म्हटलं, हो, आली बदली.
त्यांचे खांदे
खाली आले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मला साचा सोपवतात.
चादरीच्या काठावर बोट ठेवून सांगतात,
धोटा उजवीकडे अडतोय,
ताण्याचं सूत कच्चं आहे, हवा कोरडी,
खाली पाणी मारत राहा, नाहीतर रात्रभर तुटत राहील.
मी मान डोलावते.
हवा खरंच कोरडी असते. बेचाळीस अंश.
महानंदाबाई फरशीवर पाणी शिंपडून जातात
आणि वडील त्यांना शाबासकी देतात.

मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत होते.
भोंगा थांबला, तरी पुढचं वर्षभर
ते डबा घेऊन साडेसहाला निघत.
कुठे जात, आम्ही कधी विचारलं नाही.
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असे,
तिनंही मान वर केली नाही.
आता विचारायची हिंमत आहे,
तर ते वेगळ्याच सालात राहायला गेलेत.

भाऊ भिवंडीहून रविवारी फोन करतो.
"ओळखतात का गं?"
मी म्हणते, कामापुरतं.

जेवता जेवता त्यांचं मराठी संपत जातं,
भाकरीसारखं, कडेकडेनं.
उरतं तेलुगू, त्यातलंही थोडं.
शेजारच्या खाटेवरून हत्तुरे अण्णा कानडीत उत्तरं देतात.
दोघांचं छान जमतं.

मागच्या मंगळवारी पाच दिवसांनी नळ आला.
पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरली,
आठ वाजून गेले.
पोचले, तर ते खाटेवर ताठ बसलेले.
ताट झाकलेलं, लघवी दाबून धरलेली,
दोन्ही पंजे चादरीवर पसरून गच्च.
महानंदाबाई म्हणाल्या, उठायलाच तयार नाहीत ओ,
चालू साचा सोडून जाता येत नाही म्हणतात.

चप्पल न काढताच मी माझे हात
त्यांच्या हातांशेजारी टेकवले.
सोडा आता, नायना. धरला मी.
त्यांनी एकेक बोट उचललं,
घाई न करता, मधे थांबून, खात्री करत.
मग माझ्याकडे बघितलं,
ओल्या पदराकडे, पायांवरच्या चिखलाकडे,
आणि विचारलं,
"तिन्नावा, बिड्डा?"

जेवलीस का, पोरी.

कुठल्याही बदलीला विचारत असतील असं.
तिसऱ्या पाळीला येणारी पोरं उपाशीच येत,
हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.
मी नाही म्हटलं. खरंच जेवले नव्हते.
त्यांनी झाकलेलं ताट माझ्याकडे सरकवलं
आणि भिंत धरून निघाले मोरीकडे,
पाळी संपलेल्या माणसाच्या चालीनं,
मागे वळून न बघता.

मी वधूपक्षात बसून
गार वरणभात जेवले.
एक हात चादरीवर होता.